खांब फुटला अन् चपला सुटल्या

अहो, शोभतं का हे? वातानुकूलित मल्टिप्लेक्स, तिथे सरकत्या जिन्याने वर जायचं, पर्समधली चकली दारावरच्या रक्षकाच्या स्वाधीन करायची, तीन आकडी पैसे मोजून पॉपकॉर्नची बादली उचलायची, आणि आत जाऊन काय, तर चपला काढायच्या! ज्या गालिच्यावर आदल्या खेळाला कुणीतरी चीजचे नाचोज सांडून ठेवलेत, त्याच गालिच्यावर अनवाणी पाय ठेवून हात जोडून बसायचं! आणि हे सगळं कशासाठी? कार्टूनसाठी! मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत अख्ख्या उपनगराला 2025 च्या श्रावणात हे वेड लागलं होतं. ज्यांना लागलं नव्हतं, ते लागलेल्यांचे व्हिडिओ पाहत बसले होते. आम्ही दोन्ही केलं, म्हणून अधिकाराने बोलतोय.

सिनेमाचं नाव ‘महावतार नरसिंह’. दिग्दर्शक अश्विन कुमार, निर्मिती क्लीम प्रॉडक्शन्सची, पाठीशी ‘केजीएफ’ आणि ‘कांतारा’वाले होंबाळे फिल्म्स. नट नाही, नटी नाही, विमानतळावर फोटो काढून घेणारं कुणी नाही. नायक लहान पोर, खलनायक त्याचा सख्खा बाप, आणि ज्याच्यासाठी तिकीट काढायचं तो देव शेवट जवळ येईपर्यंत खांबाबाहेर यायचं नाव घेत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात दाखवला गेला तेव्हा आमच्या बाजूला कुणाच्या कानावरही नव्हता. 25 जुलै 2025 ला चित्रगृहात लागला. पहिल्या दिवशी देशभरातून गल्ला पावणेदोन कोटींच्या आसपास. मोठ्या हिंदी सिनेमावाल्यांच्या हिशेबात तो चहापाण्याचा खर्च. मग शनिवार-रविवार आला आणि उपनगरातल्या आज्या घराबाहेर पडल्या. शेवटी जगभरातला आकडा 300 कोटींच्या पुढे गेला. भारतात बनलेल्या कुठल्याच ॲनिमेशनपटाने एवढा पैसा पूर्वी पाहिला नव्हता.

आज्यांवर आरोप करतोय खरा, पण पुरावा आहे. पंचांग काढा. 24 जुलैला दिव्याची अवस, म्हणजे 25 ला श्रावणाचा पहिला दिवस, आणि तो नेमका शुक्रवार. श्रावणी शुक्रवार म्हणजे जिवतीची पूजा. आता तो जिवतीचा कागद डोळ्यांपुढे आणा, बाजारात पाच-दहा रुपयांना मिळतो तो. मध्ये लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, एका चौकटीत कालियामर्दन करणारा कृष्ण. आणि अगदी पहिल्या चौकटीत कोण? मांडीवर हिरण्यकश्यपूला आडवा घालून त्याचं पोट फाडणारा नरसिंह! पोराबाळांना आयुष्य मिळावं म्हणून पुजायच्या कागदावर हे असं चित्र, आणि बाजूला हात जोडून उभा प्रल्हाद. वर्षानुवर्षं मराठी पोरांनी या चित्रासमोर पाटावर बसून आईकडून ओवाळून घेतलं आहे. आणि म्हणे लहान मुलांना हा हिंसाचार झेपेल का! अहो, झेपतो. आमच्या पिढीला पुरणपोळीबरोबर झेपला.

तेव्हा होंबाळेवाल्यांनी तारीख पंचांग पाहून धरली की योगायोगाने पडली, यावर आमच्या सोसायटीच्या बाकड्यावर दोन तट आहेत. मी योगायोगाच्या बाजूचा. बंगळुरूच्या लोकांना जिवती कुठून माहीत असणार? पण दुसऱ्या तटाच्या काकू म्हणतात, देवाला माहीत होती ना, झालं तर मग. सकाळी देवघरात कागद चिकटवला, दुपारी पुरणाचा नैवेद्य दाखवला, आणि संध्याकाळी त्याच देवाला थ्रीडीत भेटायला गेल्या. जाताना शुक्रवारचे फुटाणे रुमालात बांधून नेले. चकली पकडणाऱ्या रक्षकाला फुटाणे काही सापडले नाहीत. आत अंधारात रांगेतल्या सगळ्यांना प्रसाद वाटला. पलीकडच्या खुर्चीवरच्या अनोळखी मुलाने तो पॉपकॉर्नच्या बादलीत टाकून घेतला आणि दोन्ही मिळून खाल्लं. हल्लीच्या मुलांना फुटाणा कळत नाही, असं यापुढे म्हणायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. श्रावणातल्या शनिवारी नरसिंहाची पूजा करायची रीत आहे. खांबावर किंवा भिंतीवर त्याचं चित्र काढून पुजतात. आता फ्लॅटमध्ये खांब कुठून आणायचा? बिल्डरने तो भिंतीत गाडून वर रंग मारलेला. मग ज्यांच्या घरी खांब नाही त्यांनी पडद्यावरचा खांब गाठला, यात काय नवल! असं मी म्हणतोय, काकू नाही. काकूंना ‘काय नवल’ हे शब्दच मान्य नाहीत. त्यांच्या मते सगळंच नवल.

पण खरा तमाशा बघायचा होता मल्टिप्लेक्सच्या बोळकांडीत. कारण एक आठवडा आधी, 18 जुलैला, मोहित सूरींचा ‘सैयारा’ लागला होता. तो आठवतोय ना? अहान पांडे, अनीत पड्डा, आणि थिएटरात हमसून हमसून रडणारी कॉलेजची पोरं. कुणी शर्ट काढून छाती बडवतोय, कुणी भोवळ येऊन पडतोय, एका पठ्ठ्याचा तर हाताला सलाईन लावून सिनेमा बघतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. म्हणजे एका दारातून मुलं नाक पुसत, मैत्रिणीच्या खांद्याचा आधार घेत बाहेर येताहेत, आणि समोरच्या दारातून त्यांच्याच आज्या जयजयकार करत, तरतरीत होऊन! मध्ये साफसफाईचा पोऱ्या झाडू घेऊन उभा; एका पडद्यासमोर कागदी रुमालांचा ढीग, दुसऱ्यासमोर झेंडूच्या पाकळ्या. घराघरात भांडणं. नातू म्हणतो, आजी, लोकांदेखत असं टाळ्या पिटत ओरडतात का? आजी म्हणते, मी निदान सलाईन तरी लावून घेतलं नाही.

आणि या दोघांच्या मधल्या मध्ये चिरडला गेला बिचारा मराठी सिनेमा. ‘येरे येरे पैसा 3’ त्याच 18 तारखेला आला होता. ‘सैयारा’मुळे त्याचे पडदे गेले म्हणून बरीच ओरड झाली, राजकीय पक्ष मध्ये पडले. इथे मला जरा बोलू द्या. महिना कोणता? जुलै 2025! शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या सरकारी निर्णयांवरून महाराष्ट्रात रान पेटलेलं. 29 जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले, 5 जुलैला वरळीत दोघे ठाकरे बंधू वीसेक वर्षांनी एका मंचावर आले, आणि तीनच आठवड्यांत मुलुंड-बोरिवलीतल्या मराठी आज्या हिंदीत बोलणाऱ्या प्रल्हादासाठी पदर ओला करताहेत! सिनेमा आला हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळममध्ये. आमच्या नरहरीला मराठी येत नाही की काय? नीरा आणि भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूर कुणाचं? कृष्णाकाठी कोळे नरसिंहपूर कुणाचं? निम्म्या देशस्थांचं कुलदैवत, आणि ते ‘पुत्र प्रल्हाद’ असं शुद्ध हिंदीत खडसावणाऱ्या बापाला फाडायला येतं. एका कुलकर्ण्यांनी आडनावाला जागून कुळाचार काढलाच: तिकीट काढलं, सिनेमा बघितला, डोळे पुसले, आणि घरी येऊन ग्रुपवर निषेधाचा संदेश टाकला. निषेधाला सर्वांत जास्त अंगठे घाटकोपरच्या गुजराती शेजाऱ्यांचे आले. त्यांना वाचता आला नव्हता, पण वर नरसिंहाचं चित्र होतं.

कलेबद्दल? कलेबद्दल घरोघरी एक टीकाकार निघाला, सहसा माहिती तंत्रज्ञानातला भाचा. चेहरे व्हिडिओ गेममधले वाटतात, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, गर्दीतली माणसं तीच तीच फिरून येतात, जपान्यांनी बघा कसं केलंय. भाचा चुकीचं बोलत नव्हता. 1993 ची ती भारत-जपानची ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’, युगो साको आणि आपले राम मोहन यांची, जानेवारी 2025 मध्ये चित्रगृहांत पुन्हा आली होती, तिच्यातली एकेक पार्श्वभूमी भिंतीवर टांगावी अशी. ‘महावतार’चा पूर्वार्ध, वराह आणि हिरण्याक्षाचा, मलाही लांबला असं वाटलं, गदा एकदाची बसावी म्हणून मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. पण भाच्याला हे कळलं नाही की शेजारच्या रांगेतली बाई ओठ बघायला आलीच नव्हती. तिला प्रसंग पाठ होता. पुढचं वाक्य पडद्याच्या आधी ती म्हणत होती. जिला गोष्ट पाठ आहे तिला चित्र नुसतं निमित्त लागतं, आणि सोबत ओरडायला माणसं लागतात. पंचवीस वर्षं मल्टिप्लेक्सवाल्यांनी आम्हाला शिकवलं की मोबाइल बंद, आवाज बंद, पाय खाली. जवाहर टॉकीजच्या काळातल्या मुलुंडकरांनी शिट्ट्या गिळून टाकल्या होत्या. त्या आत्ता बाहेर आल्या, इतकंच झालंय.

पोरांचं विचारूच नका. आमच्या इमारतीत एक पहिलीतला नरसिंह दोन आठवडे नखं कापू देईना. सोमवारी शाळेत नखं तपासतात, तिथे बाईंनी पकडला. म्हणाला, शस्त्र वापरायचं नाही असा वर आहे. दुसरीतली एक मुलगी जेवायला घरात बसेना, बाहेर बसेना. ताट घेऊन उंबरठ्यावर. आईने आणि दिवेलागणीने एकदमच हाक मारली की तिचं जेवण सुरू.

आणि तो वर! हिरण्यकश्यपूचा वर ऐकताना पडद्यासमोर सर्वांत एकाग्र चेहरा कुणाचा असेल, तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा. माणसाकडून नको, पशूकडून नको. घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने नको, अस्त्राने नको. मध्यंतरात म्हणाले, हा माणूस ब्रह्मदेवाशी पुनर्विकासाचा करारनामा करायला बसला होता. सगळी कलमं घातली, वकिलाकडून तपासून घेतली, कॉर्पस लिहून घेतला, भाडं लिहून घेतलं, आणि उंबरठा राहिला. बिल्डर उंबरठ्यावरूनच येतो हो! बोरिवली ते मुलुंड, ज्यांच्या इमारती पाडायला काढल्यात आणि जे विरारला भाड्याने राहताहेत, ते सगळे या प्रसंगाला वेगळ्याच कारणाने हळवे झाले. टाळ्या देवाला पडल्या, सुस्कारे करारनाम्याला.

आता म्हाताऱ्यांचा दुसरा कंपू, ज्यांना कशाचंच कौतुक नाही. ‘आम्ही जय संतोषी माँ पाहिलाय!’ अहो, पाहिला असेल. 1975 साल, ‘शोले’चं साल, आणि त्याच्या शेजारी विजय शर्मांचा तो कमी खर्चातला सिनेमा. बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर अनिता गुहा दिसल्या की नाणी, फुलं, आरतीची ताटं. तोही शुक्रवारचाच देव, आणि वर आंबट वर्ज्य, म्हणजे समोशाची चटणी बंद. मग 1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’. टीव्हीला हार घालणारी घरं आमच्या चाळीत होती, आणि ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ती माणसं दारात दाटीवाटीने उभी. 2020 च्या टाळेबंदीत तेच ‘रामायण’ पुन्हा लागलं आणि हार पुन्हा निघाले. ॲनिमेशनमध्ये म्हणाल तर 2005 चा व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’, तेव्हाची पोरं आता स्वतःच्या पोरांना घेऊन ‘नरसिंह’ला आली होती. तेव्हा नवं काय, असं कंपूचं म्हणणं. नवं एवढंच की संतोषी माँच्या वेळी थिएटरवाला नाणी गोळा करायला पोत्यासकट यायचा म्हणतात, आता यूपीआयच्या काळात पडद्यावर काय फेकणार?

कंपूला गप्प करायला मी फाळके बाहेर काढले. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब. 1911 च्या सुमारास मुंबईत त्यांनी काय पाहिलं? येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची मूक फिल्म! बायबलमधली गोष्ट पडद्यावर हलताना पाहून हा ब्राह्मण खुर्चीत अस्वस्थ झाला. डोळ्यांपुढे ख्रिस्त, मनात राम-कृष्ण. हे आपले देव पडद्यावर कधी येणार? पुढे पत्नी सरस्वतीबाईंनाही तोच सिनेमा दाखवून आणला. मग आलं कर्ज, आलं लंडन, आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक दंडवत घालत, असं लिहून ठेवलेलं आहे. त्यात राम आणि सीता दोघंही साळुंके नावाचा एकच नट होता, पण दंडवत घालणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. याच फाळक्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा चलच्चित्राचा खेळही करून ठेवलाय. म्हणजे देव त्यांनीच आणले आणि ॲनिमेशनही त्यांनीच. आणि प्रल्हाद? तेलुगूतला पहिला बोलपट, 1932 चा ‘भक्त प्रह्लाद’, एच. एम. रेड्डींनी बनवला तो आर्देशीर इराणींच्या इंपीरियलमध्ये, इथेच मुंबईत. दक्षिणेकडून देव आला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तो मुळात इथूनच गेला होता.

ख्रिस्ताचं नाव निघालं की अंधेरीच्या आंबोली गावठाणातल्या आमच्या ओळखीच्या ईस्ट इंडियन बाईंचा फोन आलाच समजा. ‘तुमच्या देवाने खांब फोडला, त्याचं एवढं? आमच्याने समुद्र फाडला!’ बाईंचा रोख 1998 च्या ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’कडे: मोझेसची गोष्ट, कार्टून, गाणी, आणि त्यातल्या एका गाण्याला ऑस्कर. मलेशियात आणि खुद्द इजिप्तमध्ये त्यावर बंदी घातली होती, तरी बाईंकडे त्याची कॅसेट होती आणि ती घासून पांढरी झाली होती. मी म्हटलं, तुमच्याकडे कुणी चपला काढल्या का? म्हणाल्या, काढल्या असत्या, मोझेसला जळत्या झुडपापाशी देवाने तेच तर सांगितलं ना! निरुत्तर. आणि हे वेड तिकडे ओसरलेलंही नाही. त्याच 2025 मध्ये अमेरिकेत ‘द किंग ऑफ किंग्ज’ आला, कोरियन मंडळींनी केलेला, डिकन्सने आपल्या पोराला सांगितलेली येशूची गोष्ट. पहिल्या तीन दिवसांत 190 लाख डॉलरच्या घरात कमाई आणि बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ए-प्लस. डिसेंबरात गोलियथला गोफणीने पाडणारा ‘डेव्हिड’ गात गात आला. तिकडच्या आज्याही टिपं गाळतच बाहेर पडल्या असतील.

मराठी माणसाने यात मागे राहिल्याची खंत करू नये. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायली ज्यू मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच बायबलातल्या चरित्रांची मराठीत कीर्तनं रंगवली. विचार करा, कीर्तनकार उभा, मागे साथीदार, आणि आख्यान अब्राहामाचं! किंवा भावांनी विकलेल्या योसेफाचं! अमेरिकेत ॲनिमेशनवाले आत्ता गाऊ लागले. आमच्याकडे हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी झालं, आणि मध्यंतरात पॉपकॉर्नही नव्हते.

तर आता पुढचं संकट. ‘महावतार’वाल्यांनी सात सिनेमांची माळ जाहीर केली आहे, एकेक दोन वर्षांच्या अंतराने, थेट 2037 च्या कल्कीपर्यंत. यानंतरचा आहे ‘महावतार परशुराम’, 2027 चा. इथे पुन्हा आपला संबंध. चिपळूणकर आधीच दावा ठोकून बसलेत; कोकण ही परशुरामभूमी, समुद्र हटवून जमीन काढलेली, तेव्हा पहिला खेळ चिपळूणला आणि मराठीतच. बोरिवलीतल्या कोकणवासीयांनी त्याला पाठिंबा दिला आहे, अट एकच की गाडी बोरिवलीहून सुटली पाहिजे.

पण काकूंच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय. परशुरामाने बापाच्या सांगण्यावरून काय केलं? आईचं मुंडकं उडवलं. आई कोण? रेणुका. आणि माहूरची रेणुका ही आमच्या निम्म्या इमारतीची कुलस्वामिनी. ‘नरसिंहाच्या वेळी सोपं होतं,’ काकू म्हणाल्या, ‘बाप वाईट होता, ओरडायचं कुणासाठी ते माहीत होतं. आता कुऱ्हाड उचलणारा देव, आणि खाली मान घालून बसलेली ती, तीही देवीच. मी चपला कुणासाठी काढू?’ सेक्रेटरी म्हणाले, पुढे तो वर मागून आईला जिवंत करतो ना, तेवढ्यापुरत्या काढा. काकू म्हणाल्या, तोवर मी बसू कशी? त्यावर बाकड्यावर जो वाद पेटला तो अजून चालू आहे, आणि सिनेमा यायच्या आधी मिटेल असं दिसत नाही.